केमोच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे

कर्करोगाच्या उपचारातून उठलेला रुग्ण दातांची तक्रार घेऊन आमच्याकडे येतो, तेव्हा सोबतचे नातेवाईक बहुधा एकच वाक्य बोलतात. 'डॉक्टर, जीव वाचला हेच पुष्कळ झाले. दातांचे काय एवढे?' शिर सलामत तर पगडी पचास, असा त्यामागचा हिशोब असतो. या हिशोबाचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी मात्र आज थोडे स्पष्ट लिहायचे आहे.

मी बरीच वर्षे तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतो. पूर्वी केमोथेरपी घेतलेला रुग्ण क्वचित दिसे, आता तो वरचेवर दिसतो. एका परीने ही आनंदाची गोष्ट आहे. औषधे सुधारली, उपचार पुरे करून घरी परतणारे वाढले, म्हणूनच हे लोक आमच्या खुर्चीपर्यंत पोचतात. पण त्यांतील कित्येकांचे तोंड पाहिल्यावर मन खिन्न होते. दातांच्या मुळाशी काळी कीड, कोरडी पडलेली जीभ, हिरड्यांना सूज आणि भाकरीचा तुकडा दुधात कुस्करल्याशिवाय गिळता येत नाही अशी अवस्था. यातले पुष्कळसे टाळता आले असते, हे डोळ्यांसमोर दिसत असते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. केमोथेरपी ठरली की पहिली सलाईन लागण्याआधी रुग्णाचे दात एकदा तपासले गेलेच पाहिजेत. ही तपासणी नातेवाइकांच्या मर्जीवर न राहता उपचाराचाच भाग झाली पाहिजे. छातीचा एक्स-रे आणि रक्ताची तपासणी जशी न विचारता होते, तशीच.

तोंड का येते?

कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात. केमोथेरपीची बहुतेक औषधे अशा भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. पण या औषधांना आपपरभाव नसतो. शरीरातल्या इतर ज्या पेशी वेगाने वाढतात, त्याही तडाख्यात सापडतात. केस गळतात ते यामुळेच. केस गेलेले चारचौघांना दिसतात म्हणून ते सर्वांना ठाऊक असते. तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेचे काय होते ते कोणाला दिसत नाही.

गालाच्या आत, जिभेखाली, ओठांच्या मागे जे पातळ अस्तर आहे ते साधारण एक-दोन आठवड्यांत नवे होत असते. केमोनंतर जुने अस्तर झिजते, पण त्याच्या जागी नवे वेळेवर येत नाही. मग डोस दिल्यानंतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी तोंड लाल होते, सोलवटते, जखमा पडतात. आपल्याकडे याला 'तोंड येणे' म्हणतात आणि 'औषधाची उष्णता बाहेर पडते आहे' असे म्हणून सोडून देतात. ही उष्णता नव्हे, उघडी जखम आहे. तिच्यातून तोंडातले जंतू सरळ रक्तात शिरू शकतात. एरवी ही जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येते. फ्लुरोयुरासिल, मेथोट्रेक्सेट आणि रंगामुळे रुग्ण ज्याला 'लाल औषध' म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन, अशा काही औषधांनी तोंड अधिक येते.

आता हे तोंड येण्याआधीच कसे होते याचा विचार करा. ज्याच्या दाताची कड तुटून धारदार झाली आहे, ज्याच्या हिरड्यांत वर्षानुवर्षांचे कीटण साचले आहे, ज्याची कवळी सैल होऊन घासते आहे, त्याला या दिवसांत जास्त भोगावे लागते. धारदार कड घासून गुळगुळीत करायला आम्हाला काही मिनिटे लागतात. तेवढे काम आधी झाले नाही म्हणून रुग्ण पुढे कित्येक दिवस पेजेवर राहतो, वजन घटते, अंगात ताकद नाही म्हणून पुढचा डोस लांबतो. दातांचा आणि कर्करोगाच्या उपचाराचा संबंध हा असा सरळ आहे.

रक्ताचे आकडे

दुसरी गोष्ट रक्ताची. हाडांच्या आतल्या मगजात रक्तपेशी तयार होतात. केमोनंतर तिथले कामही काही काळ मंदावते. डोसनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. प्लेटलेटही उतरतात. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई आणि प्लेटलेट म्हणजे रक्त थांबवणारे गवंडी. शिपाई आणि गवंडी दोघेही रजेवर असताना किडलेल्या दाढेखाली दबून बसलेला जंतूंचा अड्डा डोके वर काढतो. एरवी जी दाढ वर्षातून एकदा ठणकून गप्प बसत होती, ती या दिवसांत जिवावर बेतू शकते. त्यातही फसगत अशी, की पांढऱ्या पेशी कमी असल्याने नेहमीसारखी सूज येत नाही, पू दिसत नाही. फक्त ताप येतो. केमो चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर घरी गोळी देऊन वाट पाहू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, कर्करोगाच्या डॉक्टरांना कळवावे.

अशा वेळी दात उपटणेही धोक्याचे. साधारण नियम असा, की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये १००० हून अधिक आणि प्लेटलेट ५०,००० हून अधिक असल्याखेरीज दात काढण्यासारखे काम करू नये. म्हणून केमो चालू असलेल्या रुग्णाने दंतवैद्याकडे जाताना ताजा रक्ताचा रिपोर्ट बरोबर न्यावा आणि दंतवैद्याने तो पाहिल्याशिवाय चिमटा हातात घेऊ नये. जो दात वाचण्यासारखा नाही तो पहिल्या डोसच्या निदान १० ते १४ दिवस आधी काढलेला बरा, म्हणजे जखम भरायला अवधी मिळतो.

दुखणे दाताचे असते असेही नाही. रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टीन हे औषध वापरतात. ते मज्जातंतूंना त्रास देते, आणि काही रुग्णांना जबड्यात, विशेषतः खालच्या दाढांत, कीड लागल्यासारख्या तीव्र कळा येतात. एक्स-रे काढला तर दाढ ठणठणीत. औषध थांबल्यावर हे दुखणे हळूहळू जाते. दंतवैद्याला औषधाचे नाव माहीत नसेल तर अशी चांगली दाढ हकनाक उपटली जाते, आणि कळा मात्र तशाच राहतात.

लाळेची किंमत

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घास ओला करते, जंतू धुऊन नेते, आम्ल कमी करते, दातांना क्षार पुरवते. बिनपगारी गडी म्हणावा अशी ही लाळ. तो गडी असतो तोवर त्याची किंमत कळत नाही.

केमोने लाळ कमी होते, चिकट होते. बहुतेकांची ती उपचारानंतर काही महिन्यांत पूर्ववत होते. ज्यांना तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी केमोबरोबर रेडिएशनही दिले आहे, ज्याला आपल्याकडे 'लाईट' किंवा 'शेक' म्हणतात, त्यांच्या लाळग्रंथी मात्र बहुधा कायमच्या दुबळ्या होतात. आपल्या भागात तंबाखू, मिश्री आणि गुटख्याने तोंडाचा कर्करोग घरोघरी नेला आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पुडी कुठे मिळते हे शाळेतली पोरेही सांगतील. तेव्हा असे रुग्ण आपल्याकडे थोडे नाहीत.

लाळ आटली की कीड नेहमीच्या जागी, म्हणजे दाढेच्या माथ्यावर, लागत नाही. ती हिरडीच्या काठाने, दाताच्या मानेभोवती लागते. झाडाला गोल खाच पाडावी तसा दात तिथून पोखरतो आणि एक दिवस घास चावताना मोडून हातात येतो. माझ्याकडे आलेल्या एका बसवाहकाचे असेच झाले होते. लसिकाग्रंथींच्या कर्करोगातून तो चांगला बरा झाला, कामावर रुजू झाला. तोंड कोरडे पडते म्हणून दिवसभर लिमलेटच्या गोळ्या चघळत असे. लाळ नाही आणि वरून साखर! वर्षभरात समोरचे सहा दात हिरडीपाशी मोडण्याच्या बेताला आले. 'तिकीट देताना तोंडासमोर रुमाल धरावा लागतो,' असे तो म्हणाला. आजाराला तो माणूस घाबरला नव्हता, पण आता चारचौघांत हसायला घाबरत होता. कोरड्या तोंडाला गोड गोळी चालत नाही, पाण्याची बाटली लागते, एवढे त्याला कोणी आधी सांगितले असते तर बरेच दात जागेवर राहिले असते.

'हाडांचे इंजेक्शन'

कर्करोग हाडांत पसरला असेल किंवा मगजातल्या मायलोमा नावाचा कर्करोग असेल तर हाडे मजबूत राहावीत म्हणून झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब यांसारखी औषधे देतात. रुग्ण त्यांना 'हाडांचे इंजेक्शन' म्हणतात. औषधे उपयोगाची आहेत, ती बंद करा असे मी सुचवीत नाही. पण या औषधांवर असलेल्या काही रुग्णांच्या जबड्याचे हाड दात काढल्यावर भरून येत नाही, उघडे पडते आणि कुजू लागते. २००३ साली वैद्यकीय नियतकालिकांत याची पहिली नोंद झाली. शंभरात फार थोड्यांना हे होते, पण ज्याला होते त्याचे हाल पाहवत नाहीत.

पंचावन्नच्या आसपासच्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. चार महिन्यांपूर्वी दुसरीकडे हलणारी दाढ काढली होती आणि जागा भरत नव्हती. हिरडीतून पिवळसर हाड उघडे दिसत होते, तोंडाला दुर्गंधी, हनुवटी बधिर. काय औषध चालू आहे विचारले तर म्हणाल्या, 'काही नाही बाबा, बीपीची गोळी.' बरोबरच्या मुलाला बाहेर नेऊन विचारले तेव्हा त्याने हळूच सांगितले, की आईला स्तनाचा कर्करोग आहे, हाडांत गेला आहे, आणि दर महिन्याला इंजेक्शन असते. 'आईला सगळे माहीत नाही, म्हणून तिथेही बोललो नाही,' असे तो म्हणाला. त्या दंतवैद्याला मी दोष देणार नाही. त्याच्यापासून ही गोष्ट लपवलेलीच होती. मावशींना पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले आणि बरेच महिने उपचार करावे लागले.

हे झोलेड्रोनिक ॲसिड हाडांत वर्षानुवर्षे राहते. म्हणून इंजेक्शन सुरू होण्याआधी काढण्यासारखे दात काढून घ्यावेत. एकदा सुरू झाल्यावर शक्यतो रूट कॅनॉल करून दात राखावा आणि काढणे अटळ असेल तर दोन्ही डॉक्टरांनी आपसांत बोलूनच निर्णय घ्यावा. जबड्यावर रेडिएशन घेतलेल्यांनाही हाच इशारा जन्मभर लागू आहे. त्यांनी 'आता दहा वर्षे झाली' म्हणून बाजाराच्या दिवशी घाईने दात काढून घेऊ नये.

लहान मुलांचे वेगळेच

मुलांमधील रक्ताचा कर्करोग आज पुष्कळ प्रमाणात बरा होतो, ही वैद्यकाची मोठी कमाई आहे. पण त्याचे उपचार दोन-तीन वर्षे चालतात आणि नेमक्या त्याच वयात हिरडीच्या आत कायमचे दात घडत असतात. पाच-सहा वर्षांच्या आत केमो झालेल्या मुलांत पुढे एखादा दात उगवतच नाही, एखादा अगदी लहान राहतो, कुणाच्या दातांवर डाग आणि खड्डे पडतात, मुळे आखूड राहतात. आईवडिलांना वाटते, दुधाचे दात उशिरा पडत असतील. शाळेतली पोरे चिडवू लागतात तेव्हा ते दंतवैद्याकडे येतात.

मुळे आखूड असतील तर दातांना तारा बसवताना फार जपावे लागते. म्हणून अशा मुलाची सहा-सात वर्षांच्या वयापासून नियमित तपासणी व्हावी, योग्य वेळी जबड्याचा पूर्ण एक्स-रे काढावा आणि तारा बसवणाऱ्या डॉक्टरांना केमोचा पूर्वेतिहास सांगावा. मूल आजारातून वाचले, आता पुढची साठ-सत्तर वर्षे त्याला याच दातांनी जेवायचे आहे.

'कर्करोग थांबेल का दातांसाठी?'

माझ्या या आग्रहावर काही आक्षेप येतात, आणि ते विचार करण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप वेळेचा. 'इथे जिवाशी गाठ आहे आणि तुम्ही दात घासायला सांगता!' खरे आहे. रक्ताच्या तीव्र कर्करोगात उपचार एक दिवसही लांबवता येत नाहीत, तिथे तोंड स्वच्छ ठेवून केमो सुरू करावी आणि दातांचे काम रक्ताचे आकडे सुधारल्यावर करावे. पण स्तन, आतडे, गर्भाशयमुख अशा बहुतेक कर्करोगांत तुकड्याचा तपास, स्कॅन, रिपोर्ट, कागदपत्रे यांत पहिले काही दिवस जातातच. त्या दिवसांत अर्धा तास दंतवैद्याकडे गेले तर उपचार लांबत नाहीत. शिवाय केव्हा सुरू करायचे, किती थांबायचे, हा शब्द नेहमी कर्करोगाच्या डॉक्टरांचाच अखेरचा राहील. आम्ही दंतवैद्यांनी त्यात आडमुठेपणा करू नये.

दुसरा आक्षेप भीतीचा. 'दात काढला की कॅन्सर पसरतो' हे मी गावोगाव ऐकले आहे. दात काढल्याने स्तनाचा किंवा पोटाचा कर्करोग पसरत नाही. ज्याला तोंडाचाच कर्करोग आहे किंवा तसा संशय आहे, त्याने मात्र गाठीजवळचा किंवा न भरणाऱ्या जखमेजवळचा हलता दात परस्पर काढून घेऊ नये. तिथे आधी तपास, मग दात.

तिसरा आक्षेप पैशांचा. घरातले दागिने मोडून उपचार चाललेले असतात, त्यात हा आणखी खर्च कशाला? पण दात साफ करणे, एक-दोन सिमेंट भरणे, धारदार कड घासणे यांचा खर्च आणि तोंडातून जंतू रक्तात गेल्यामुळे रुग्णालयात काढावे लागलेले आठ दिवस यांचा खर्च, हे दोन आकडे शेजारी मांडून पाहावेत. सरकारी दंत महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांच्या दंतविभागांत ही कामे अल्प खर्चात होतात.

लपवाछपवी नको

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती लपवण्याची. आपल्याकडे 'कॅन्सर' हा शब्द घरात मोठ्याने उच्चारत नाहीत. रुग्णाला सांगत नाहीत, शेजाऱ्याला सांगत नाहीत, मुलीचे लग्न जमायचे असेल तर पाहुण्यांना तर नाहीच नाही. समाजाचे भय मला समजते. पण त्या भयापोटी दातांच्या डॉक्टरलाही अंधारात ठेवले तर नुकसान कोणाचे? नातेवाईक रुग्णासमोर बोलू शकत नसतील तर त्यांनी आधी येऊन एकट्याने सांगावे, चिठ्ठी द्यावी, फाईल दाखवावी. रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवणे हे आमचे कर्तव्यच आहे. माझे स्वतःचे मत विचाराल तर शहाण्या माणसाला त्याच्या आजाराचे नाव कळलेले बरे. ज्या औषधाचे नाव माहीत नाही त्यापासून माणूस स्वतःला जपणार कसा?

आमच्या व्यवसायातील मंडळींनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. नव्या रुग्णाला आपण बीपी आणि शुगर विचारतो. 'केमो, लाईट किंवा हाडांचे इंजेक्शन झाले आहे का?' हा प्रश्नही त्याच दमात विचारला पाहिजे. आणि उत्तर 'हो' आले तर 'मी हात लावत नाही, मुंबईला जा' असे म्हणून रुग्णाला वाटेला लावू नये. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून कर्करोगावर उपचार होत आहेत, तिथे दातांचा विभागही आहे. पण एका सिमेंटसाठी रुग्णाने रात्रीची गाडी पकडायची का? कर्करोगाच्या डॉक्टरांना फोन करून रक्ताचे आकडे विचारले तर यांतील बहुतेक कामे तालुक्याला होतात. कर्करोगाच्या डॉक्टरांनीही फाईलवर एक ओळ लिहावी: दात तपासून घेतले, किंवा नाही. दोन डॉक्टरांमध्ये ही एक ओळ नसल्याने रुग्णाचे जे हाल होतात ते मी पाहतो आहे.

हे काम आता जिल्ह्यात व्हावे

पूर्वी केमोसाठी मुंबई, पुणे, नागपूर किंवा बार्शी गाठावी लागे. आता चित्र पालटते आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात पुढील तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याचे आणि त्यांतील २०० त्याच वर्षी सुरू करण्याचे जाहीर झाले. म्हणजे सकाळी यावे, सलाईन घ्यावे, संध्याकाळी घरी जावे. चांगली योजना आहे. माझी मागणी एवढीच, की ही केंद्रे जिथे जिथे सुरू होतील तिथे पहिल्या दिवसाच्या तपासणीच्या यादीत दातांची तपासणी घालावी. त्यासाठी नवी इमारत नको, नवे यंत्र नको. दंतविभाग बहुधा त्याच आवारात असतो. रुग्णाच्या हातात फक्त एक चिठ्ठी द्यायची आहे.

साध्या माहितीने काय होते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. त्या कामातून गावोगाव जाऊन लोकांना लक्षणांची माहिती दिली गेली, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर तपासणीला येऊ लागल्या. कोणतेही महागडे यंत्र न लावता नुसते समजावून सांगण्याने हे घडले. मग दातांच्या बाबतीत का घडू नये?

घरी काय करावे?

केमो चालू असताना मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात घासावेत. ब्रश आधी कोमट पाण्यात बुडवला तर आणखी मऊ होतो. रक्त येत असेल तर ब्रशऐवजी ओल्या स्वच्छ कापडाने दात पुसावेत, पण तोंड अस्वच्छ ठेवू नये. मिश्री, राखुंडी, कोळसा, कडुनिंबाची काडी या दिवसांत पूर्ण बंद. मिश्री तर कायमचीच बंद. ती तंबाखूच आहे.

पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भराव्यात. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये, आधी याच पाण्याने चूळ भरावी. अल्कोहोल असलेले बाजारी माउथवॉश वापरू नयेत, जखमा झोंबतात. दुखऱ्या दाढेवर लवंगेचे तेल चोळू नये, सोललेली त्वचा त्याने भाजते.

फ्लुरोयुरासिलचे इंजेक्शन थोड्या वेळात एकदम देत असतील तर आधी पाच मिनिटांपासून अर्धा तास तोंडात बर्फाचे तुकडे धरल्यास तोंड कमी येते. मात्र ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधावर असणाऱ्यांना थंडीचा त्रास होतो, म्हणून बर्फाचा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. जिभेवर दह्याच्या सायीसारखे पांढरे थर दिसले तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो. मध लावत बसू नये.

कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी. तिखट, तळलेले, कडक पदार्थ काही दिवस बाजूला ठेवावेत. मऊ भात, वरण, ताक, भिजवून मऊ केलेली भाकरी घ्यावी. पाण्याचा घोट वारंवार घ्यावा. उपचार संपल्यावर पहिले वर्षभर दर तीन-चार महिन्यांनी दात दाखवावेत आणि फ्लोराइडचा लेप लावायचा का ते विचारावे. ज्यांचे तोंड कोरडे राहते त्यांच्या दातांना तो मोठा आधार आहे.

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असे आपण थट्टेने म्हणतो. कर्करोगातून उठलेल्या माणसाच्या बाबतीत ही थट्टा राहत नाही. अंगात ताकद यायची तर अन्न पोटात गेले पाहिजे, आणि अन्न पोटात जाण्याची वाट दातांवरूनच जाते.

आपल्या घरात, भावकीत, शेजारी कोणाची केमोथेरपी ठरली असेल तर हे कात्रण त्यांना द्या. फाईलच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहून ठेवायला सांगा: चालू औषधांची नावे, शेवटच्या डोसची तारीख आणि कर्करोगाच्या डॉक्टरांचा फोन नंबर. आणि पहिल्या सलाईनच्या आधी जो एखादा दिवस मोकळा मिळेल, त्या दिवशी ती फाईल घेऊन जवळच्या दंतवैद्याकडे जाऊन या.